माफी कशाची मागायची आणि कशाची नाही

ठाण्याच्या एका आईचे पत्र आले आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझा धाकटा भाऊ ऐंशीच्या दशकात इस्रायलला गेला आणि अश्दोदला स्थायिक झाला. माझी मुलगी शिकायला न्यूयॉर्कला गेली आणि आता तिथेच नोकरी करते. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर जवळजवळ तीन आठवड्यांनी ग्रँड सेंट्रल स्थानकात ज्यू तरुणांनी शस्त्रसंधीसाठी धरणे धरले, त्यात ती होती. तिचा फोटो फिरत फिरत माझ्या भावापर्यंत पोहोचला. तेव्हापासून मामा आणि भाची एकमेकांशी बोललेले नाहीत. आता भावाच्या मुलाचे लग्न ठरले आहे. हा मुलगा राखीव सैनिक म्हणून गाझात जाऊन आला आहे. भाऊ म्हणतो, तिने आधी माफी मागावी, मगच लग्नाला यावे. मुलगी म्हणते, समान हक्क मागितल्याबद्दल मी माफी मागणार नाही. गंमत म्हणजे हाच माझा भाऊ २०२३ मध्ये दर शनिवारी रात्री लोकशाहीसाठी निघणाऱ्या मोर्चांना जात होता. मी मुलीला गप्प बसायला सांगू का? ती खरोखर आपल्या लोकांच्या विरोधात गेली आहे का? आणि दूर राहून असे बोलणे सोपे नसते का? एक गोष्ट मी भावाला अजून सांगितलेली नाही. हल्ल्यानंतर मी मुलीला मामाला फोन करायला सांगितले होते, तो तिने केला नाही."

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी सर्वांत आधी घेते, कारण माझ्या मते गाठ तिथेच आहे. अश्दोद गाझापासून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. तिथे रॉकेटहल्ल्याचा भोंगा वाजल्यापासून सुरक्षित खोलीत शिरायला माणसाला सुमारे ४५ सेकंद मिळतात. ७ ऑक्टोबरच्या त्या शनिवारी हमासच्या हल्ल्यात दक्षिण इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस म्हणून नेण्यात आले. त्या दिवसापासून तीन आठवडे तुमचा भाऊ भाचीच्या आवाजाची वाट पाहत राहिला, आणि त्याला शेवटी दिसला तो तिचा धरण्यातला फोटो. त्या फोटोतल्या फलकावर काय लिहिले होते याच्याशी तो भांडतो आहे असे त्याला स्वतःलाही वाटत असेल, पण त्याला खुपते आहे ते त्याआधीचे मौन. म्हणून माझे उत्तर दोन भागांत आहे. तुमच्या मुलीने आपल्या मतांसाठी माफी मागू नये आणि तुम्हीही तिला तसे सांगू नये. न केलेल्या फोनसाठी मात्र तिने माफी मागावी, ती मनापासून मागावी, आणि तिला 'पण' हा शब्द जोडू नये. या दोन माफ्यांची सरमिसळ झाली म्हणूनच तुमच्या घरात कोंडी झाली आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ती आपल्या लोकांच्या विरोधात गेली आहे का. याचे उत्तर सविस्तर द्यावे लागेल, कारण 'आपले लोक' या शब्दांचा अर्थ काय यावर ज्यू समाजात गेली सव्वाशे वर्षे वाद चालू आहे, आणि त्या वादात तुमच्या मुलीच्या बाजूला फार मोठी माणसे उभी राहिलेली आहेत. १८९७ साली बासेलला पहिली झिओनिस्ट, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी घर मागणाऱ्यांची परिषद भरली. त्याच वर्षी पूर्व युरोपातल्या विल्ना शहरात ज्यू कामगारांनी 'बुंद' नावाचा पक्ष स्थापन केला. आपण जिथे राहतो तिथेच, आपल्या यिद्दिश भाषेसह आणि शेजाऱ्यांच्या बरोबरीने हक्क मिळवायचे, हे त्या पक्षाचे सूत्र होते, आणि त्याला ते 'इथलेपण' अशा अर्थाच्या एका यिद्दिश शब्दाने ओळखत. पूर्व युरोपातले ते जग नाझींनी जाळून टाकले, त्यामुळे त्या मार्गाचे पुढे काय झाले असते हे कोणालाच सांगता येणार नाही. तुमचा भाऊ हेच उत्तर देईल, आणि त्या उत्तराला वजन आहे. मात्र बुंदाची माणसे आपल्या समाजाचे शत्रू होती असे कोणी म्हणू शकणार नाही.

आपल्याला जवळचे एक उदाहरण देते. शाळेत आपण सर्वांनी माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा पाठ केल्या आहेत. त्यातले एडविन माँटेग्यू १९१७ साली भारतमंत्री झाले, तेव्हा ते ब्रिटिश मंत्रिमंडळातले एकमेव ज्यू सदस्य होते, आणि त्याच वर्षी पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी राष्ट्रीय घर उभारण्याला पाठिंबा देणाऱ्या बाल्फोर जाहीरनाम्याला त्या मंत्रिमंडळात सर्वांत तीव्र विरोध त्यांनीच केला. असे घर जाहीर झाले की जगातल्या प्रत्येक ज्यूला त्याच्या स्वतःच्या देशात परका ठरवले जाईल, ही त्यांची भीती होती. शेवटचा निर्णय झाला तेव्हा ते भारताच्या वाटेवर बोटीत होते. विरोधाचा परिणाम मात्र जाहीरनाम्याच्या मजकुरात राहिला. त्यातली दोन कलमे आजही वाचण्यासारखी आहेत. पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंखेरीज इतर समाजांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना बाध येऊ नये, असे एक कलम सांगते, आणि इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना व दर्जाला बाध येऊ नये, असे दुसरे. म्हणजे देशोदेशी राहणारे ज्यू आणि तिथले अरब या दोघांच्या हक्कांचा प्रश्न त्या पहिल्या कागदावरच उमटलेला आहे. तुमच्या मुलीने तो न्यूयॉर्कमध्ये बसून नव्याने शोधून काढलेला नाही.

झिओनिस्ट विचाराच्या आतही हाच आवाज होता. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, जूडा मॅग्नेस जेरुसलेमला गेले आणि १९२५ साली उघडलेल्या हिब्रू विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ज्यू आणि अरब या दोघांचे समान हक्कांचे एकच राज्य व्हावे, यासाठी ते तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर शेवटपर्यंत झटत राहिले, आणि १९४८ साली त्यांचे निधन झाले. त्यांचा पराभव झाला. तरी त्याच वर्षी १४ मे रोजी वाचल्या गेलेल्या इस्रायलच्या स्वातंत्र्यघोषणेत धर्म, वंश किंवा लिंग असा भेद न करता सर्व रहिवाशांना पूर्ण सामाजिक आणि राजकीय समता देण्याचे वचन आहे. तुमच्या मुलीच्या मागण्यांपैकी पुष्कळशा या वचनातूनच निघतात. हे वचन पाळले जात नाही असे म्हणणाऱ्याला परका ठरवायचे असेल, तर आधी ते वचन लिहिणाऱ्यांना परके ठरवावे लागेल.

एक गोष्ट मात्र तुम्ही मुलीला जरूर विचारा, आणि उत्तर ऐकण्याच्या तयारीने विचारा. अमेरिकेतल्या पुरोगामी ज्यूंना आपण इथून एकाच रंगात पाहतो, पण त्यांच्यात आपापसांत खोल मतभेद आहेत. १९७९ पासून काम करणारा न्यू इस्रायल फंड इस्रायलमधल्याच नागरी हक्क संघटनांना पैसा पुरवतो. जे स्ट्रीट ही राजकीय संस्था स्वतःला इस्रायलची हितचिंतक म्हणवते आणि इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशा दोन राष्ट्रांच्या तोडग्यासाठी वॉशिंग्टनमध्ये प्रयत्न करते. त्रुआह ही रब्बींची संघटना मानवी हक्कांची मांडणी तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या आधाराने करते. ग्रँड सेंट्रलचे धरणे जिने आयोजित केले ती ज्यूइश व्हॉइस फॉर पीस ही संघटना झिओनिझमच नाकारते. यातली पहिली मंडळी शेवटच्या मंडळींशी अनेकदा कडाडून भांडतात. तुमची मुलगी यांपैकी नेमकी कुठे उभी आहे हे तुम्हाला ठाऊक नाही असे पत्रावरून दिसते, आणि तुमच्या भावाला तर ते ठाऊक असणे शक्यच नाही. ज्या मताशी आपण भांडतो ते मत नेमके काय आहे, हे समजून घेण्याइतका मान घरच्या माणसाला मिळायला हवा.

गप्प बसवण्याने काय साधते याचाही एक अनुभव अमेरिकेतल्या ज्यू समाजाच्या गाठीशी आहे. १९७३ साली तिथे 'ब्रेइरा' नावाची संघटना निघाली. या हिब्रू शब्दाचा अर्थ 'पर्याय' असा आहे. पॅलेस्टिनींशी बोलणी करा, एवढे त्यांचे म्हणणे होते. प्रस्थापित संस्थांनी त्यांच्यावर इतका दबाव आणला की १९७७ पर्यंत ती संघटना संपली. पुढे १९९३ साली इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर हस्तांदोलन केले, तेव्हा वीस वर्षांपूर्वी जे बोलणे द्रोह ठरले होते तेच सरकारी धोरण झाले होते. ब्रेइराचे सगळे म्हणणे बरोबर होते असा याचा अर्थ नाही. तो आवाज दाबल्यामुळे समाजाची एकजूट वाढली नाही, एवढेच मला इथे सांगायचे आहे.

तुमचा तिसरा प्रश्न, दूर राहून बोलणे सोपे नसते का. सोपे असते, आणि हे मुलीने मान्य केले पाहिजे. तिच्या खोलीत भोंगा वाजत नाही, तिचा मावसभाऊ किंवा मामेभाऊ गाझात असताना रात्रभर फोन उशाशी घेऊन ती झोपत नाही. भीतीचे माप भोगणाऱ्याकडेच असते. २६ नोव्हेंबर २००८ ला नरिमन हाउसमध्ये जे घडले त्यानंतर आपल्या सिनेगॉगच्या दाराशी पोलीस उभे राहू लागले, हे तुम्ही ठाण्यात पाहिले आहे, त्यामुळे ही भीती तुम्हाला समजावून सांगायला नको.

पण दूर राहणाऱ्या ज्यूंचा या प्रकरणाशी संबंधच नाही असे म्हणणेही खरे नाही. जगातल्या ज्यूंना इस्रायलचे नागरिकत्व देणाऱ्या १९५० च्या परतीच्या कायद्यानुसार तुमच्या मुलीला उद्या विमानतळावर उतरून नागरिकत्व मागता येते. तिला हा हक्क आहे, आणि अश्दोदच्या शेजारच्या इस्दूद गावातून १९४८ च्या युद्धात ज्यांना बाहेर पडावे लागले त्यांच्या नातवंडांना तो नाही. तुमच्या भावाचे अश्दोद १९५६ साली वसले, आणि त्याचे नाव व त्या जुन्या गावाचे नाव एकाच प्राचीन नावातून आलेले आहे. जो हक्क मला मिळतो तो कोणाच्या वगळण्यावर उभा आहे, हे विचारणे ही त्या हक्कासोबत येणारी जबाबदारीच आहे, असे तुमच्या मुलीसारख्या तरुणांना वाटते, आणि मलाही ते पटते. शिवाय इस्रायल स्वतःला सर्व ज्यूंचे राष्ट्र म्हणवते, आणि ज्यूंचा द्वेष करणारे जगातल्या कोणत्याही ज्यूला त्या राष्ट्राच्या कृत्यांचा जाब विचारतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, प्रार्थनेच्या वेळी अकरा जणांना गोळ्या घालणाऱ्याचा राग तर निर्वासितांना मदत करणाऱ्या एका ज्यू संस्थेवर होता. म्हणजे समतेच्या बाजूने उभे राहणाऱ्या ज्यूंनाही त्यासाठी रक्त द्यावे लागले आहे. दूर असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे.

तुमच्या भावाविषयी तुम्ही जे लिहिले त्याने मला खरी आशा वाटली. न्यायालयाचे अधिकार कापणाऱ्या बदलांविरुद्ध २०२३ मध्ये शनिवारमागून शनिवार लाखो माणसे रस्त्यावर आली, आणि त्या आंदोलनामागचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोरही गेला. जुलैमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, केलेला कायदा १ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयाने आठ विरुद्ध सात अशा मतांनी रद्द केला. त्या गर्दीत तुमचा भाऊ होता. बहुमताने निवडून आलेल्या सरकारलाही मर्यादा असली पाहिजे, हे त्याने वयाच्या उतरणीला भर थंडीत उभे राहून सांगितले. तुमची मुलगी याच विधानाचा पुढचा प्रश्न विचारते आहे: ही लोकशाही कोणासाठी? इस्रायलच्या लष्करी ताब्यातल्या वेस्ट बँकेत १९६७ पासून एकाच टेकडीवरच्या दोन माणसांना दोन कायदे लागू होतात. वसाहतीतल्या ज्यू रहिवाशाचा खटला इस्रायलच्या नागरी न्यायालयात चालतो आणि शेजारच्या गावातल्या पॅलेस्टिनीचा लष्करी न्यायालयात, आणि ज्या क्नेसेटच्या निर्णयांवर त्या पॅलेस्टिनीचे आयुष्य ठरते तिच्यासाठी त्याला मत नाही. २०१८ च्या राष्ट्र-राज्य कायद्याने इस्रायलमध्ये राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क केवळ ज्यूंचा आहे असे नोंदवले आणि अरबी भाषेचा अधिकृत दर्जा काढून घेतला, तेव्हा देशाच्या सुमारे एक पंचमांश नागरिकांना त्याचा अर्थ नीट कळला. तेल अवीवच्या त्या मोर्चांतही लष्करी ताब्याविरुद्ध फलक घेतलेला एक गट दर शनिवारी उभा असे. तुमच्या भावाने तो पाहिला असेल. भाचीचे म्हणणे न्यूयॉर्कहून आलेले नाही, ते त्याच्या शेजारच्या रांगेतले आहे.

त्याला आणखी एक आठवण करून देता येईल, आणि ती तुम्हीच द्यावी, मुलीने नव्हे. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांना समता आयती मिळाली नाही. रंगामुळे वेगळी वागणूक मिळते अशी तक्रार करत काही कुटुंबांनी धरणे धरले आणि १९५२ साली ती मुंबईला परत आली. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. परंपरेनुसार पूर्वजांचे जहाज नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हापासून ज्यांनी कोकणात शब्बाथ पाळला, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून ज्यांना शेजाऱ्यांनी शनिवार तेली म्हटले, त्यांना आपण ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला. १९६४ च्या उन्हाळ्यात शेकडो बेने इस्रायल बायकामुलांसह जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. मुंबईतल्या समाजानेही इथून निषेध केला. शेवटी ऑगस्टमध्ये क्नेसेटला जाहीर करावे लागले की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत आणि इतरांच्या बरोबरीचे आहेत. तुमच्या भाच्याचे लग्न आज कोणत्याही वेगळ्या चौकशीविना लागते आहे ते त्या धरण्यामुळे, आणि तेव्हाही दुरून बोलणाऱ्या ज्यूंनी त्याला साथ दिली होती. हक्कासाठी जमिनीवर बसणे ही तुमच्या समाजाला नवी गोष्ट नाही.

आता मुलीला काय सांगायचे. तिला व्हिव्हियन सिल्व्हर यांच्याबद्दल विचारा, तिला बहुधा ठाऊक असेल. कॅनडातल्या विनिपेगला जन्मलेल्या या बाई तरुणपणी इस्रायलला गेल्या, गाझाच्या कुंपणाजवळच्या बेएरी या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वसाहतीत, राहिल्या, गाझातल्या आजारी माणसांना स्वतःच्या गाडीतून इस्रायलच्या रुग्णालयांत पोहोचवत राहिल्या आणि २०१४ च्या युद्धानंतर त्यांनी शांततेसाठी झटणाऱ्या स्त्रियांची मोठी चळवळ उभी करायला मदत केली. ४ ऑक्टोबर २०२३ ला त्या चळवळीने पॅलेस्टिनी स्त्रियांबरोबर मेळावा घेतला आणि तीन दिवसांनी व्हिव्हियन आपल्या घरात मारल्या गेल्या. त्यांचा मुलगा त्यानंतर आईचेच काम पुढे नेतो आहे. समान हक्कांचा विचार खरोखर मानणाऱ्याला बेएरीच्या मृतांसाठी आणि गाझाच्या मृतांसाठी दोन वेगवेगळी मने ठेवता येत नाहीत. गाझातल्या मृतांची संख्या तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार ६०,००० च्या पुढे गेली, आणि हे थांबवा म्हणून तुमची मुलगी सुरुवातीलाच धरण्याला बसली याचा मला अभिमान वाटतो. मात्र मामाला फोन न करण्यात तिच्याच विचाराला बाध आला. समतेत मामाही येतो. हे तिला आईने सांगावे, आणि ते सांगणे म्हणजे तिला गप्प बसवणे नव्हे.

लग्नात राजकारणावर चर्चा होऊ नये, असे मला वाटते, आणि ही अट दोघांना सारखीच असावी. मेंदीच्या रात्री किंवा मलिद्याच्या ताटाभोवती, एलियाहू हनवी या प्रेषिताचे नाव घेतले जात असताना, कोणीही कोणाची परीक्षा घेऊ नये. नवऱ्या मुलाने गाझात काय पाहिले हे तो आपणहून सांगेल तरच ऐकावे, त्याला विचारू नये. बोलायचे ते आधी बोलून घ्यावे. त्यासाठी तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातच एक रीत आहे. हिल्लेल आणि शम्माई या दोन प्राचीन धर्मपंडितांच्या शिष्यांचा वाद तीन वर्षे चालला, तेव्हा आकाशवाणी झाली की दोन्ही शब्द जिवंत देवाचेच आहेत, पण आचरण हिल्लेलच्या मताप्रमाणे करावे. कारण असे दिले आहे की हिल्लेलचे शिष्य सौम्य होते आणि आपले मत सांगण्याआधी ते प्रतिपक्षाचे मत सांगत. त्याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी असेही लिहिले आहे की इतके मतभेद असूनही या दोन घराण्यांनी एकमेकांशी सोयरीक करणे थांबवले नाही. तुम्ही मामा-भाचीला एकदा फोनवर एकत्र आणा आणि इतकेच सांगा की भाचीने आधी मामाचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत मांडावे, मग मामाने भाचीचे. स्वतःचे मत त्या दिवशी मांडलेच नाही तरी चालेल.

त्याआधी भावाला तुम्ही एकट्या फोन करा. तो फोन मराठीतच करा. हल्ल्यानंतर तुम्ही मुलीला फोन करायला सांगितले होते आणि तिने केला नाही, हे त्याला आता सांगून टाका. लपवल्याने ते तुमच्या मनात वाढते आहे. त्या फोनची माफी ती मागेल, असे सांगा. मताची माफी ती मागणार नाही आणि मीही तिला मागायला लावणार नाही, हेही त्याच फोनमध्ये सांगा, म्हणजे अश्दोदला पोहोचल्यावर कोणाची फसगत होणार नाही. त्याने होकार दिला नाही तरी तुम्ही तिकीट दोघींचे काढा, आणि त्याला तारीख कळवा. लग्नाला अजून काही आठवडे आहेत, आणि धाकटा भाऊ बहिणीला दुसऱ्यांदा फोन करतोच.